पत्ता म्हणजे पाठ नव्हे

पाठ्यपुस्तकांत, दिवाळी अंकांत, संमेलनांच्या स्मरणिकांत आणि अलीकडे कवितासंग्रहांच्या मलपृष्ठांवरही काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापण्याची रीत मराठीत आता चांगलीच रुजली आहे. त्याच्याखाली बहुधा ‘अधिक माहितीसाठी स्कॅन करा’ अशा अर्थाची एखादी ओळ असते. ‘या छोट्याशा चौकोनात कवीचा आवाज साठवला आहे’, ‘पूर्ण ग्रंथ या कोडमध्ये आहे’ अशी वाक्ये प्रकाशन समारंभांत बोलली जातात आणि त्यांवर टाळ्याही पडतात. ही वाक्ये खोटी आहेत. बोलणाऱ्याचा हेतू खोटा नसेल, वाक्य मात्र खोटे आहे. त्या चौकोनात कवीचा आवाज नसतो आणि ग्रंथही नसतो. तिथे असतो एक पत्ता. पत्ता आणि पाठ यांतला भेद ज्यांनी इतरांना शिकवायचा, ते साहित्याचे अध्यापकच तो विसरत असतील तर या चौकोनाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे.

आधी वस्तुस्थिती. क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा यांच्या चमूने तयार केला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी, एवढेच त्याचे प्रयोजन होते. त्याचा सर्वांत मोठा आकार १७७ गुणिले १७७ घरांचा. त्यात अधिकाधिक २,९५३ बाइट मावतात, आणि तेही दुरुस्तीची सोय अगदी कमी ठेवली तर. कागद फाटला, डाग पडला तरी मजकूर परत मिळावा म्हणून ही सोय वाढवायची ठरवली, तर तोच आकडा १,२७३ बाइटवर येतो. प्रमाणात अंक, रोमन लिपीतली मोठी अक्षरे, सरसकट बाइट आणि जपानी कांजी अशा चार तऱ्हांनी मजकूर भरता येतो. कांजीला एका अक्षरामागे तेरा बिट पुरतात. देवनागरीसाठी अशी सोय नाही. ती बाइटांच्या सरसकट दारातून आत येते आणि तिथे युनिकोडच्या रूढ पद्धतीने प्रत्येक चिन्हाला तीन बाइट मोजावे लागतात. ‘स्त्री’ हा आपल्या डोळ्यांना एका अक्षराचा शब्द यंत्राच्या हिशेबी सहा चिन्हांचा आणि अठरा बाइटांचा होतो. ‘ज्ञानेश्वरी’ या नुसत्या नावाला तेहेतीस बाइट लागतात.

हाच हिशेब पुढे नेऊ. एका ओवीला ढोबळमानाने दोनशे बाइट धरले, तर सर्वांत मोठ्या कोडात चौदा ओव्या बसतात. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्यांना असे सुमारे सहाशे कोड लागतील. संक्षेपणाची युक्ती वापरली तर संख्या घटेल, हे खरे. पण फोनच्या कॅमेऱ्याला वाचता येईल इतका मोठा कोड छापायला जेवढा कागद लागतो, साधारण तेवढ्याच कागदावर चौदा ओव्या साध्या खिळ्यांनी छापता येतात आणि त्या वाचायला दिव्याखेरीज काही लागत नाही. कागदावर मजकूर साठवण्याची सोय म्हणून देवनागरी अजूनही या जपानी चौकोनाशी बरोबरी करते, ही गंमत आपल्या तंत्रोत्साही मित्रांच्या ध्यानी सहसा येत नाही. ध्वनी आणि चलच्चित्र यांची तर गोष्टच नको. चार मिनिटांचे कवितावाचन त्या चौकोनात मावणे शक्यच नाही. म्हणून तिथे पत्ता छापला जातो.

बालभारतीच्या पुस्तकांचे उदाहरण सर्वांच्या समोर आहे. मुखपृष्ठामागच्या पहिल्या पानावर एक कोड आणि पुढे पाठापाठाला एकेक कोड. ‘दीक्षा’ या केंद्रीय उपयोजनातून तो स्कॅन केला की त्या पाठाशी संबंधित दृक्श्राव्य साहित्य उघडते. कोडाखाली सहा अक्षरांचा एक संकेत असतो. कॅमेरा नसेल तर तो हाताने भरता येतो, पण भरायचा पुन्हा त्याच उपयोजनात. म्हणजे त्या सहा अक्षरांना स्वतःचा अर्थ नाही. दूरच्या एका यंत्रावरच्या नोंदवहीत त्यांच्यासमोर जे लिहिलेले असेल तो त्यांचा अर्थ. नोंदवही बदलली की अर्थ बदलतो, आणि नोंदवही बंद झाली की अर्थ संपतो.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. पुढे राज्याने ती कल्पना उचलली, आणि २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले तेव्हा बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांत वाटून टाकली. त्या प्रयोगाविषयी माझी तक्रार नाही. एका वर्गातला शिक्षक आपल्या मुलांसाठी कोड करतो तेव्हा त्यामागे काय आहे हे त्याला ठाऊक असते. बिघडले तर तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त करतो, आणि कोड उघडलाच नाही तर तो स्वतः वर्गात उभा असतो. तो पत्ता म्हणजे त्याच्याच घराचा पत्ता असतो. तीच कल्पना लाखो प्रतींच्या पुस्तकांवर छापली जाते तेव्हा पत्ता तेवढा मागे राहतो आणि घरमालक अदृश्य होतो. माझे भांडण या दुसऱ्या अवस्थेशी आहे.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातले हट्टा घ्या. हे गाव अशासाठी की ते ना शहर आहे ना दुर्गम पाडा. मराठवाड्यातल्या शेकडो गावांसारखे ते एक गाव. अशा गावातल्या एखाद्या घरात स्मार्टफोन असतो, पण बहुधा एकच, आणि तो ज्याच्या खिशात असतो तो हळदीच्या दिवसांत वसमतच्या मोंढ्यात उभा असतो. पाठ्यपुस्तक मात्र घरातच, मुलीच्या दप्तरात असते. संध्याकाळी फोन घरी येतो तेव्हा त्यात चार्जिंग असेल, डेटा उरला असेल, थोरल्या भावाची मागणी आधी पुरी झाली असेल, तर त्या मुलीच्या वाट्याला पाठाचा तो ‘अधिक’ भाग येणार. पुस्तक ही एकच वस्तू अशी होती की जिच्याबाबत जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलगी आणि पुण्यातल्या महागड्या शाळेतला मुलगा यांच्या हाती अक्षरशः तेच यायचे. पानाच्या कोपऱ्यात चौकोन आला आणि एकाच किमतीच्या, एकाच मुखपृष्ठाच्या पुस्तकाच्या दोन प्रती वेगळ्या झाल्या. एक पूर्ण, एक अपुरी. आपली प्रत अपुरी आहे हे त्या मुलीला पानापानावर छापून सांगितले जाते, हे त्याहून वाईट.

यावर ‘टपरीवरसुद्धा आता कोड आहे, मग पुस्तकात का नको?’ असे विचारले जाते. टपरीवरच्या कोडाचे काम एका क्षणाचे. पैसे पोहोचले की संपले, तो कोड उद्या बदलला तरी काल प्यालेला चहा प्यालेलाच राहतो. वाचनाचा व्यवहार असा एकदाच होऊन संपत नाही. दहावीची कविता माणूस चाळिशीत पुन्हा उघडतो. कित्येक घरांत आई-आजोबांची जुनी क्रमिक पुस्तके अजून जपलेली आहेत, आणि १९६७ साली स्थापन झालेल्या या मंडळाचे पन्नास वर्षांपूर्वीचे पुस्तक आजही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचता येते. आजच्या पुस्तकातले कोड पन्नास वर्षांनी काय उघडतील? जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले, ऑर्कुट २०१४ मध्ये, फ्लॅश २०२०च्या अखेरीस. त्यांच्या भरवशावर छापलेले सारे पत्ते आज पडक्या वाड्यांचे पत्ते झाले आहेत.

आणि शासनाला कोडात मजकूर खरोखर साठवता येत नाही असेही नाही. आधारपत्रावरचा कोड पाहा. त्यात माणसाचे नाव, पत्ता, लहानसे छायाचित्र आणि वर डिजिटल स्वाक्षरी एवढे सारे त्या चौकोनातच असते आणि जाळ्याशी जोडणी नसतानाही ते तपासता येते. म्हणजे नागरिकाची ओळख पटवायची असेल तेव्हा माहिती कोडात बसते. त्याच नागरिकाच्या मुलीला कविता द्यायची वेळ आली की फक्त पत्ता उरतो. याला तंत्राची मर्यादा म्हणता येणार नाही. काय हमखास पोहोचले पाहिजे आणि काय पोहोचले नाही तरी चालेल, याविषयीचा तो निर्णय आहे.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला हे सारे नवे वाटायला नको. मजकूर सांकेतिक चिन्हांत ठेवला की त्याचे काय होते, याचा एवढा मोठा धडा फार थोड्या भाषांच्या पदरी असेल. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी, अंक अशा लिप्यांत बंद केले. का केले, याविषयी मतभेद आहेत. परकीय आक्रमणाची भीती, ग्रंथांचे पावित्र्य, अनधिकारी माणसाच्या हाती ते पडू नयेत ही काळजी, अशी निरनिराळी कारणे दिली जातात. परिणामाविषयी मात्र मतभेद नाही. ‘लीळाचरित्रा’सारखा आद्य गद्यग्रंथ काही शतके मराठीत असून नसल्यासारखा झाला. नंतरच्या गद्यलेखकांनी तो वाचला नाही, त्याची वाक्ये कोणाच्या कानी पडली नाहीत, त्याच्याशी कोणी भांडले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, वि. ल. भावे यांच्या पिढीने आणि मग य. खु. देशपांडे, ह. ना. नेने यांच्यासारख्यांनी ते दार उघडले, तेव्हा मराठी गद्याचा इतिहास मुळापासून पुन्हा लिहावा लागला. ग्रंथ तर उत्तम जपला गेला होता. हरवली होती ती वाचकपरंपरा, आणि ती मागाहून भरून काढता येत नाही.

तरीही महानुभावांचा संकेत आपल्या कोडाहून कितीतरी उदार होता, हे लक्षात घ्यावे. सकळ लिपीत एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर येते, पण मजकूर त्या पोथीतच असतो. किल्ली हरवली तरी भाषा जाणणारा चिकाटीचा माणूस ती पुन्हा घडवू शकतो. शिवाय किल्ली जपणारा जिवंत समाज होता, महंत होते, त्यांची मनधरणी करता येत होती. पाठ्यपुस्तकातल्या कोडापुढे राजवाड्यांनी आयुष्य घालवले असते तरी त्यांच्या हाती सहा अक्षरांपलीकडे काही लागले नसते. तिथे उलगडायला काही नाहीच. पोथी दुसऱ्याच्या घरी आहे आणि घर बंद आहे.

याच्या उलट शिलाहार-यादवकाळच्या गधेगाळी आठवाव्यात. वर वाचणाऱ्यासाठी लेख आणि खाली न वाचणाऱ्यासाठी चित्र. अक्षरशत्रूलाही त्या शिळेचा धाक कळत असे. तेही दृश्य संकेतच, पण वाचकांचे वर्तुळ रुंद करणारे. (चित्राच्या अभिरुचीबद्दल आपण बोलू नये हे बरे.)

ज्यांना चौदाव्या शतकाचे दाखले दूरचे वाटतात त्यांनी निदान पंचवीस वर्षांपूर्वीचे आठवावे. युनिकोड मराठीत रुळण्याआधी प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा आणि प्रत्येक फाँटाची अक्षरयोजना वेगळी होती. एका संगणकावर टंकलेला लेख दुसऱ्यावर उघडला की रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा चिवडा दिसे. त्या काळातले किती प्रबंध, किती अंक, वृत्तपत्रांचे किती मजकूर आजही तशा फायलींत कुजत आहेत. ती आपल्या पिढीची सकळ लिपी होती, फक्त तिला महंत नव्हते. त्यातूनही जे छापून कागदावर आले ते वाचले. एवढा ताजा अनुभव गाठीशी असताना आपण पुन्हा एकदा मजकूर दुसऱ्याच्या दाराशी नेऊन ठेवतो आणि त्याला प्रगती म्हणतो.

माझा सर्वांत मोठा आक्षेप याहून वेगळा आहे आणि तो साहित्याच्या लोकांनीच घ्यायला हवा. पत्त्याची पाठचिकित्सा होत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला तो अशासाठी करता आला की चुकलेल्या प्रतीही चुकलेल्या अवस्थेत शिल्लक होत्या. लेखकूंच्या चुका कागदावर राहतात आणि दोन प्रतींची तुलना करणाऱ्याला वाट दाखवतात. छापील पुस्तकावर आवृत्ती असते, पुनर्मुद्रणाचे वर्ष असते, समितीची नावे असतात. कोडामागच्या मजकुरावर यातले काय असते? आज कोडामागे कवितेचे एक वाचन आहे. उद्या ते काढून दुसरे ठेवले, एखादे कडवे गाळले, एखादा शब्द अडचणीचा वाटून बदलला, तर पुस्तक तेच, पान तेच, चौकोन तोच. खोडाखोड दिसत नाही. जुनी प्रत कोणाकडेच नसते, कारण प्रत अशी कधी नव्हतीच. क्यूआर कोडात रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांची १९६० सालची दुरुस्तीची पद्धत वापरलेली आहे. कोडाचा जवळजवळ तीस टक्के भाग खराब झाला तरी त्यातला मजकूर जसाच्या तसा परत मिळवता येतो, आणि त्या बुद्धिमत्तेला नमस्कारच केला पाहिजे. पण ती दुरुस्ती पत्त्याची. पत्त्यावर राहणारा बदलला तर तिला कळत नाही. नामदेवांची एकसष्ट पदे १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात गेली, गुरुमुखी लिपीत गेली, आणि आज नर्सीपासून शेकडो कोस दूर लोक ती गातात. त्यांत पाठभेद असतील, भाषेची वळणे बदलली असतील, पण त्या भेदांचा अभ्यास करता येतो, कारण दोन्हीकडे मजकूर आहे.

‘पानांची मर्यादा असते, पुस्तक महागते, म्हणून जादा साहित्य कोडामागे ठेवावे लागते’ हा युक्तिवाद मी गंभीरपणे घेतला असता. पण २०२३ मध्ये याच राज्यात दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत टिपणांसाठी कोरी पाने बांधण्यात आली आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. कोऱ्या पानांना कागद होता. कवीच्या दोन जादा कवितांना, कठीण शब्दांच्या थोड्या विस्तृत टीपेला तो नव्हता, असे कोण म्हणेल? आणि ‘तुम्ही तंत्रविरोधी आहात’ या ठेवणीतल्या आरोपाला उत्तर एवढेच की पूर्ण पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात, ही बालभारतीची सोय मला उत्कृष्ट वाटते. तिथे फाईल हाती येते, स्वतःपाशी ठेवता येते, पेनड्राइव्हवरून गावभर देता येते. भांडण यंत्राशी नाही. मजकूर हाती देणे आणि मजकुराकडे बोट दाखवणे या दोन गोष्टी एकच मानण्याशी आहे.

ज्यांना दृश्य संकेतांत खरोखरच काही साठवायचे असते ते कसे वागतात हेही पाहावे. गिटहब या संस्थेने २०२० साली जगभरच्या मुक्त संगणकप्रणालींचा संग्रह, सुमारे २१ टेराबाइट, १८६ फिल्मरिळांवर अशाच ठिपक्यांच्या संकेतांत उतरवून स्वालबार्डच्या एका जुन्या कोळशाच्या खाणीत ठेवला. हजार वर्षे टिकावा हा उद्देश. तिथे त्यांनी पत्ते साठवले नाहीत, प्रत्यक्ष मजकूर साठवला. आणि रिळाच्या आरंभी हा संकेत कसा उलगडायचा याची माहिती डोळ्यांनी वाचता येईल अशा साध्या अक्षरांत ठेवली, त्यातल्या मार्गदर्शिकेच्या पाच भाषांत हिंदीही आहे. ध्रुवाजवळच्या बर्फात ठेवलेला ग्रंथ उद्याच्या अनोळखी वाचकाशी अधिक सौजन्याने वागतो, आणि हट्ट्याच्या वर्गातल्या वाचकाला आपण ‘स्कॅन करा’ म्हणून मोकळे होतो.

खेड्याला उपयोगी पडेल असा या तंत्राचा दुसराही वापर आहे. एका फोनच्या पडद्यावर एकामागून एक कोड झरझर दाखवायचे आणि दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने ते टिपून घ्यायचे. अशी फाईल नुसत्या प्रकाशावाटे, जाळ्याशिवाय, डेटाशिवाय एका हातातून दुसऱ्या हातात जाते. वेग कमी असतो, पण धडाभर मजकुराला पुरतो. शिक्षकाच्या फोनवर एकदा आलेली गोष्ट गावातल्या दहा फोनांवर अशी जाऊ शकते. ज्या गावात रेंज येते आणि जाते तिथे कोडाचे खरे मोल हे आहे. आपण मात्र रेंजशिवाय चालूच न शकणारा प्रकार निवडला आणि तोच गावोगाव छापून पाठवला.

करायचे काय, ते अवघड नाही. चार-पाच कडव्यांचा अभंग साडेसहाशे-सातशे बाइटांत बसतो, म्हणजे दुरुस्तीची सर्वांत जास्त सोय ठेवूनही एका कोडात मावतो. कवितेची मूळ संहिता, शब्दार्थ, पाठभेदाची एखादी टीप असे काही कोडातच भरा, फोन कोणताही असो आणि रेंज असो वा नसो, ते उघडेल. जिथे पत्ता देण्यावाचून गत्यंतर नाही तिथे त्यामागे काय आहे, कोणी वाचले आहे, कोणत्या वर्षी ध्वनिमुद्रित झाले आहे, हे दोन ओळींत शेजारी छापा, म्हणजे उद्या दार बंद झाले तर काय हरवले एवढे तरी कळेल. आणि त्या साहित्याची एक प्रत प्रत्येक जिल्ह्याच्या शासकीय ग्रंथालयात ठेवा, आवृत्तीचा क्रमांक घालून. अभ्यासमंडळांवर बसणाऱ्या, स्मरणिका संपादित करणाऱ्या अध्यापकांनी यापुढे नुसता चौकोन पुढे आला की या तीन गोष्टी विचाराव्यात, उत्तर मिळेपर्यंत मुद्रणप्रतीवर सही करू नये.

हट्ट्याला एक जुनी दगडी बारव आहे. बारवेत पाणी कितीही खाली गेले तरी पायऱ्या तिथपर्यंत उतरतात. उतरायला कोणाची परवानगी किंवा किल्ली लागत नाही. राज्यभरच्या बारवांची नोंद घेणारी माणसे अलीकडे पुढे आली आहेत, तेव्हा आज ना उद्या तिथेही माहितीचा फलक लागेल आणि त्यावर तो चौकोन असेलच. ज्यांच्याकडे त्या फलकाचा मजकूर लिहायचे काम येईल त्यांना एवढीच विनंती, की आधी दहा ओळी मराठीत, ठळक अक्षरांत, दगडावरच लिहाव्यात. कोड त्याखाली, जागा उरली तर.